उत्तर महाराष्ट्राचा वीजखर्च विचारायचा, तर मंडळ आणि लेखाशीर्ष सांगून विचारा

मा. संपादक,

अधिवेशन आले की उत्तर महाराष्ट्रातले आमदार विजेवर प्रश्न टाकतात : आमच्या भागासाठी ऊर्जा विभागाने किती खर्च केला? उत्तर मिळते ते सबंध राज्याचे. कृषिपंपांना इतके हजार कोटी, सौर प्रकल्प इतके मेगावॉट. एखाददुसरा उपप्रश्न होतो आणि विषय तिथेच मिटतो. यात दोष उत्तर देणाऱ्यांचा आहेच, पण प्रश्नाच्या बांधणीचाही आहे.

उत्तर महाराष्ट्र हा प्रदेश सरकारी हिशेबात वेगळा दिसतच नाही. २०२० मध्ये मुदत संपलेल्या वैधानिक विकास मंडळांच्या विभागणीत तो 'उर्वरित महाराष्ट्रा'त, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पंगतीत होता. महावितरणची नाशिक आणि जळगाव ही दोन्ही परिमंडळे कोकण प्रादेशिक विभागात, कल्याणच्या कार्यालयाखाली. त्यामुळे नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-धडगावचा आकडा कल्याण-भांडुपच्या आकड्यांत विरघळून जातो. प्रश्नात 'उत्तर महाराष्ट्र' एवढेच न लिहिता नाशिक, मालेगाव, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या महावितरणच्या मंडळांची, म्हणजे परिमंडळाखालच्या कार्यालयांची, नावे घालावीत. मंडळनिहाय विक्री, वसुली आणि थकबाकी महावितरणकडे दर महिन्याला तयार असते.

दुसरी गोष्ट पैशाच्या वाटेची. अर्थसंकल्पात प्रत्येक जमाखर्चाला क्रमांकाचे खाते, म्हणजे लेखाशीर्ष, असते. २८०१ हे विजेवरील महसुली खर्चाचे मुख्य लेखाशीर्ष, ४८०१ भांडवली खर्चाचे, ६८०१ कर्जांचे आणि ००४३ विजेवरील कर व शुल्काच्या जमेचे. ग्राहकाच्या बिलातले विद्युत शुल्क महावितरण सरकारसाठी गोळा करते. सवलतीच्या विजेपोटी सरकार महावितरणला अनुदान देणे लागते. मग पुष्कळदा शुल्काची रक्कम अनुदानापोटी वळती करून घेतली जाते. कागदावर एकीकडे जमा वाढते, दुसरीकडे खर्च झाला असे दिसते. रोख मात्र हललेली नसते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६५ प्रमाणे अनुदान आगाऊ द्यायचे असते. म्हणून 'किती अनुदान दिले' एवढे विचारून भागत नाही. मंजूर किती, रोखीने किती, समायोजनाने किती आणि ३१ मार्चला बाकी किती, हे चार आकडे वेगवेगळे मागावेत. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पातच ४५,८९१ कोटींची महसुली तूट धरलेली होती. अशा वेळी बाकी पुढच्या वर्षावर ढकलण्याचा मोह कोणत्याही सरकारला होतो.

सर्वांत मोठी रक्कम कृषिपंपांची. २०२४ च्या मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांसाठी वर्षाला १४,७६० कोटींचा भार धरला आहे. भागाकार केला तर पंपामागे सरासरी साडेतेहतीस हजार रुपये येतात. ही सरासरी आपल्या भागात फसवी ठरते. केळीला बारमाही पाणी लागते, कोरडवाहू पट्ट्यात विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते, सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर तीन फेजची लाइनच नाही. पाणी खोल गेलेल्या गावांत साडेसातपेक्षा मोठी मोटर बसवावी लागते आणि तो शेतकरी योजनेबाहेर जातो.

त्यातून मीटर नसलेल्या पंपांचा वापर मोजला जात नाही, फीडरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीच्या, नोंदींवरून अंदाजाने काढला जातो. गळती, तारेवर आकडे टाकून केलेली चोरी, जुन्या तारांत वाया गेलेली वीज हे सगळे 'शेतीचा वापर' या रकान्यात शिरू शकते. वीज नियामक आयोगाने २०२० च्या दरनिर्णयात महावितरणने दाखवलेला शेतीवापर कमी करून धरला, तो याच कारणाने. पडताळणी आमदाराला स्वतः करता येते. पाच अश्वशक्तीची मोटर साधारण साडेचार किलोवॉट खेचते. शेतीचा आठ तासांचा पुरवठा धरला, तर दिवसाला ३६ युनिट. फीडरवर असे ४०० पंप असतील आणि सगळे पूर्णवेळ चालले, तरी दिवसाला साडेचौदा हजार युनिटच्या पलीकडे वापर जाऊ शकत नाही. उपकेंद्रातल्या मीटरची नोंद त्याहून जास्त असेल, तर वरची वीज कुठे गेली हे विचारायलाच हवे. मतदारसंघातले दोन-तीन फीडर नावानिशी घेऊन, पंपसंख्या आणि जोडभारासह ही माहिती मागावी. शंभर केव्हीएच्या डीपीवर (रोहित्रावर) पाच अश्वशक्तीचे वीसेक पंप बसतात. तिथे तीस-पस्तीस जोडलेले निघाले, तर डीपी वारंवार का जळते याचेही उत्तर त्याच कागदावर मिळेल. अनुदान चालू विजेसाठी असते, नव्या डीपीसाठी नाही. भांडवली कामांचा निधी वेगळा विचारावा लागतो.

उद्योगांच्या सवलतीत मात्र उत्तर महाराष्ट्राचे नाव स्पष्ट आहे. विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि 'डी', 'डी प्लस' या औद्योगिकदृष्ट्या मागास क्षेत्रांतल्या उद्योगांना २०१६ पासून वीजदरात सवलत देण्यात आली आणि तिला वार्षिक १,२०० कोटींची मर्यादा घालण्यात आली. सवलत वापरलेल्या युनिटवर असल्याने अखंड भट्टी चालवणारा कारखाना मोठा वाटा नेतो. जळगावची डाळ मिल, चटईचा कारखाना किंवा मालेगावचा यंत्रमाग यांच्या वाट्याला नेमके किती आले? जिल्हानिहाय लाभार्थी संख्या आणि सर्वाधिक रक्कम मिळालेले पहिले २० ग्राहक, एवढी यादी मागितली तरी चित्र उघड होईल.

ऊर्जा विभागाच्या मोठ्या रकमा बऱ्याचदा पुरवणी मागण्यांतून, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा निधीतून, येतात आणि त्या भरभर मंजूर होतात. तिथे नेमक्या लेखाशीर्षावर कपात सूचना, म्हणजे ती रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, द्यावा. सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या तारांकित प्रश्नाची पाळी आलीच नाही, तरी त्याचे लेखी उत्तर मागून घ्यावे. ते अपुरे असेल, तर मंडळनिहाय आकड्यांसह प्रकरण विधिमंडळाच्या सार्वजनिक उपक्रम समितीकडे न्यावे. महावितरणच्या अधिकाऱ्यांना तिथे कागदपत्रांसह साक्षीला बोलावता येते.

— एक वीजग्राहक, धुळे