कन्या 1

पुणे, रविवार

तीर्थस्वरूप बाबा आणि आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर पणजीच्या, म्हणजे मोठ्याईच्या, जन्मदाखल्याचे विचारलेत, तेव्हा "बघते आहे" एवढे म्हणून मी वेळ मारून नेली. खरे उत्तर असे आहे की दाखला निघालेला नाही आणि निघणारही नाही, कारण तिच्या जन्माची नोंदच कुठे सापडत नाही. मात्र ती कोणत्या साली जन्मली हे आता मी बऱ्याच खात्रीने सांगू शकते. ते कसे कळले हे फोनवर सांगण्याजोगे नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे तिच्या वयाचे दोनच कागद होते. 1986 च्या मृत्यूच्या नोंदीत तिचे वय 80 लिहिले आहे, म्हणजे जन्म 1906 चा. पणजोबा गेल्यावर 1968 साली वारसांचा जो फेरफार झाला, त्यात तीच बाई 45 वर्षांची आहे, म्हणजे जन्म 1923 चा. एकाच माणसाच्या वयात 17 वर्षांचा फरक पडतो, आणि दोन्ही कागदांवर सही-शिक्के आहेत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला तलाठ्याचा राग आला होता. मग लक्षात आले की चावडीवर कोणीतरी अंदाजाने आकडा सांगितला आणि लिहिणाऱ्याने तो लिहून घेतला, यापलीकडे त्या आकड्यांना काही आधार नाही. तुमचीही जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जूनच आहे, बाबा, आणि तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच होती असे तुम्हीच हसत सांगता. शाळा जूनमध्ये सुरू होई, मुलाला सहा वर्षे पुरी झालेली दिसली पाहिजेत, म्हणून गुरुजी 1 जून टाकत. तेव्हा कागदावर आहे म्हणून ते खरे, हा हट्ट मी आधी सोडला.

त्याऐवजी मोठ्याई स्वतः काय सांगायची ते धरून पाहिले. आई, तिची दोन वाक्ये तुझ्याकडून मी लहानपणापासून ऐकत आले आहे. एक असे की मानमोडीत तिची आई गेली तेव्हा ती रांगत होती. दुसरे असे की शारदा कायद्याच्या धास्तीने तिचे लग्न घाईघाईने फाल्गुनात उरकले, आणि तेव्हा तिला बारावे संपले होते की नव्हते हे तिला नक्की आठवत नव्हते. तिला सन ठाऊक नव्हता, पण या दोन्ही गोष्टींचा सन इतिहासात पक्का आहे. मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएन्झा. तो जूनमध्ये मुंबईत उतरला, आणि त्याची जीवघेणी लाट सप्टेंबरपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत खेड्यापाड्यांवरून गेली. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे मोठे कारण हीच साथ. शारदा कायदा 1929 मध्ये मंजूर झाला आणि 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला. त्यात मुलीचे लग्नाचे वय किमान 14 ठरले होते, म्हणून त्याआधीच्या महिन्यांत ठिकठिकाणी लग्नांची झुंबड उडाली. म्हणजे तो फाल्गुन 1930 चा. शरदात रांगणारे मूल त्याच्या आधीच्या हिवाळ्यात जन्मलेले असणार, आणि असे मूल 1930 च्या फाल्गुनात बाराच्या आसपासच असणार. दोन्ही वाक्ये एकमेकांशी इतकी तंतोतंत जुळतात की मी तो हिशेब तीन वेळा करून पाहिला.

तरीही लेखी काही मिळते का ते पाहायचे होते. तिचे माहेर बामणोलीच्या पलीकडचे, आणि कोयनेच्या धरणानंतर ते गाव शिवसागराखाली गेले. पण गाव बुडाले तरी दप्तर बुडत नाही. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूंच्या ज्या नोंदवहीला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्या गावचे त्या सालांचे तालुक्याला शाबूत आहे. मजकूर मोडी लिपीत आहे. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागल्यापासून जुनी बासने सुटली आहेत आणि मोडी वाचणाऱ्यांना चांगले दिवस आले आहेत, त्यामुळे मला दोन आठवडे थांबून एक निवृत्त शिक्षक मिळाले. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि मी लिहून घेतली.

1917 आणि 1918 च्या जन्मांत मोठ्याईच्या वडिलांच्या नावापुढे काहीही नाही. मृत्यूंच्या बाजूला मात्र ऑक्टोबर 1918 चे पान आले तेव्हा गुरुजी वाचताना थांबले. त्या पानावर मरणाच्या कारणाच्या रकान्यात सर्वांत वर "ताप" लिहिले आहे आणि त्याखाली तळापर्यंत नुसते "सदर, सदर, सदर". लिहिणाऱ्याने शेवटी शेवटी तो शब्दही पुरा लिहिलेला नाही, "स" काढून पुढे रेघ ओढली आहे. त्यातली सातवी ओळ मोठ्याईच्या आईची आहे. तिचेही नाव नाही. वडिलांचे नाव, पुढे "याची बायको", वय 20, सदर. 1923 चा जन्म सांगणारा कागद खरा मानला तर आई गेल्यावर पाच वर्षांनी मुलगी जन्मली असे म्हणावे लागेल, आणि 1906 चा खरा मानला तर आठ वर्षांच्या मुलीला मूल झाले असे. दोन्ही कागद तिथेच निकालात निघाले.

मग तिच्या जन्माची नोंद का नाही? मुलगी म्हणून कोणी सांगितलेच नसेल, असे मला आधी वाटले, आणि त्या काळात ते अशक्यही नव्हते. पण त्याच बुकात इतरांच्या मुली आहेत, नावाशिवाय का होईना, "मुलगी" म्हणून आहेत. गुरुजींनी साधी गोष्ट सुचवली. वीस वर्षांच्या बाईचे ते पहिलेच बाळंतपण असणार, आणि पहिले बाळंतपण माहेरी होते. तेव्हा नोंद झाली असली तर ती मोठ्याईच्या आजोळच्या बुकात असेल. इतके दिवस मी चुकीच्या गावाचे दप्तर उलटत होते.

ते आजोळ विचारायला मी रायगडला जाऊन आले. मोठ्याईच्या सावत्र भावाची नातवंडे तिथल्या पुनर्वसनाच्या गावात आहेत. त्यांनी दोन वेळा जेवायला घातले, पण त्यांची पणजी वेगळी, त्यामुळे आपल्या बाजूचे आजोळ त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी मला त्यांच्या नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे धाडले. तिथे गावाचे नाव आणि आडनाव सांगितल्यावर लाल फडक्यातून एक लांबट वही निघाली. शके 1842, रौद्रनाम संवत्सर, म्हणजे 1920 साली मोठ्याईचे वडील बायकोच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते. त्यांनी आपल्या आज्याचे, बापाचे, चुलत्यांचे आणि भावांचे नाव सांगितले आहे, दुसरे लग्न झाल्याचे सांगितले आहे, आणि त्या ओळीच्या शेवटी "कन्या 1" अशी नोंद आहे.

मोठ्याईबद्दल तिच्या लहानपणी कोणी लिहिलेले एवढेच मला मिळाले. मी त्या पानाचा फोटो काढला आहे. आल्यावर दाखवीन.

बाबा, उशिरा नोंदणी करून घेता येईल का असेही तुम्ही विचारले होते. कायद्यात तशी सोय आहे, पण तिला जाऊन इतकी वर्षे झाल्यावर आपला हिशेब अर्जावर तारीख म्हणून लिहायचा, म्हणजे तिच्या नावावर आणखी एक 1 जून चढवायचा. मला ते करावेसे वाटत नाही. घरच्या वंशावळीत आपण "1917-18 चा हिवाळा" असे लिहू.

आता काम तुझ्याकडे आहे, आई. लग्न होऊन आल्यापासून सात वर्षे तू तिच्याजवळ होतीस, शेवटी शेवटी तिला आंघोळही तूच घालायचीस. तिच्या डाव्या हातावर कोपराच्या खाली गोंदलेली अक्षरे होती एवढे मला आठवते, पण मी पाच वर्षांची होते आणि मला वाचता येत नव्हते. ते सासरचे नाव होते की माहेरचे, हे आठवून पाहा. आणि दळताना ती मामाच्या गावाची ओवी म्हणायची असे तू सांगत असतेस. त्या ओवीत गावाचे नाव येते का? येत असेल तर मला कोणते बुक मागायचे ते कळेल. घाई नाही, मी दिवाळीला येतेच आहे. तोवर जे सुचेल ते बाबांच्या डायरीत मागच्या पानावर लिहून ठेव, आणि ओवी चालीसकट आठवली तर लगेच फोन कर, मी ध्वनिमुद्रित करून ठेवीन.

तुमची,
धाकटी