मागील बाजूने खचत असलेल्या रो-हाऊसबाबत तक्रार

कोल्हापूर,
दि. 6 ऑक्टोबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक यांस,

विषय : रो-हाऊसच्या पायाचे असमान खचणे व त्याची स्वखर्चाने तपासणी आणि दुरुस्ती करून देण्याबाबत.

महोदय,

पंचगंगेच्या काठालगतच्या आपल्या प्रकल्पातील रो-हाऊसचा ताबा मी फेब्रुवारी 2023 मध्ये घेतला. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. आपल्या माणसांनी ती पुट्टी भरून बुजवली, ती पुन्हा उघडली, आणि साइट ऑफिसमधून मला दर वेळी एकच उत्तर मिळाले, की काळ्या मातीत भेगा पडायच्याच, पावसाळा लागला की त्या आपोआप मिटतील. हे उत्तर मला मान्य नाही.

माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली असून काळी माती पावसात फुगून कालव्याचे अस्तर कसे उचलते, हे मी पुरेसे पाहिले आहे. तसा प्रकार इथे असता तर यंदाच्या जुलैत भेग आवळायला हवी होती. उलट तिच्यावर आडवी चिकटवलेली काचपट्टी ऐन पावसाळ्यात तडकली. भेग खाली केसासारखी बारीक आहे आणि वर लिंटेलजवळ तिच्यात रुपयाचे नाणे सहज शिरते. भिंतीचे मागचे टोक खाली जात असले म्हणजे भेग अशीच वर रुंदावते. स्वयंपाकघरातील कडप्प्याच्या ओट्यावर सांडलेले पाणी आता सिंककडे न जाता मागच्या भिंतीकडे वाहते.

पाणीनळीने मी स्वतः पातळी घेतली आहे. सहा मीटर अंतरावरील दोन खांबांमध्ये स्कर्टिंगच्या कडेचा फरक डिसेंबर 2024 मध्ये 19 मिलिमीटर होता, तो या सप्टेंबरात 26 झाला. पायांसाठीच्या आयएस 1904 : 1986 या भारतीय मानकानुसार आरसीसी इमारतीच्या आयसोलेटेड फूटिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक खांबाच्या स्वतंत्र पायात, असा फरक अंतराच्या 0.0015 पट, म्हणजे इथे 9 मिलिमीटरपर्यंत चालतो. फरशी बसवतानाच काही मिलिमीटर इकडचे तिकडे झाले असतील असे घटकाभर धरले, तरी नऊ महिन्यांत वाढलेले सात मिलिमीटर गवंड्याच्या माथी मारता येणार नाहीत.

माझ्या मते कारण जमिनीतच आहे. प्लॉटचा रस्त्याकडचा भाग मूळचा उंच व मुरमाड, तर मागचा भाग उसाच्या शेताची सखल मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, होता, आणि तिथे आपण सुमारे दोन मीटर मुरमाचा भराव टाकून सपाटी केली. या भरावाचेच वजन दर चौरस मीटरला साडेतीन ते चार टन भरते. त्यावर घराचे ओझे आले. खालची चिकणमाती पाण्याने भरलेली असल्यामुळे हे ओझे सुरुवातीला मातीच्या कणांवर न पडता त्यांच्यामधल्या पाण्यावर पडते. फडक्यात बांधलेल्या दह्यावर वजन ठेवले की पाणी झिरपत जाऊन चक्का हळूहळू बसत जातो, तसेच इथे पाणी निसटेल तसतशी माती दबत जाते. अभियंते टर्झागी यांनी 1925 मध्ये मांडलेल्या कन्सॉलिडेशनच्या, म्हणजे पाणी निघून माती दबण्याच्या, सिद्धान्तानुसार याला लागणारा काळ पाण्याला बाहेर पडण्यासाठी कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे अंतर दुप्पट तर वेळ चौपट. "भरावाने एक पावसाळा खाल्ला की तो बसतो," असे आपले साइट इंजिनिअर म्हणाले. मुरमापुरते ते काहीसे खरे असेलही, परंतु त्याखालच्या चिकणमातीला वर्षानुवर्षे लागू शकतात, आणि तोवर पुढचे खांब जागच्या जागी राहून मागचे तेवढे उतरत राहणार.

आपण दिलेला सॉइल रिपोर्ट मी बारकाईने वाचला. त्यातील दोन्ही बोअर, म्हणजे माती तपासण्यासाठी पाडलेली छिद्रे, रस्त्याच्या बाजूला घेतलेले आहेत, मागे एकही नाही. सेफ बेअरिंग कपॅसिटी, म्हणजे माती सुरक्षितपणे पेलेल तो भार, दिली आहे, पण चिकणमातीचा अबाधित (न हलवलेला) नमुना काढून केलेली कन्सॉलिडेशन चाचणी कुठेही नाही, आणि "सेटलमेंट (खचणे) मर्यादेत राहील" हे वाक्य कोणत्याही गणिताविना लिहिलेले आहे. माती भार पेलते की नाही हा एक प्रश्न. पेलताना ती किती दबेल हा दुसरा, आणि तो या अहवालात कुणाला पडलेलाच दिसत नाही. महापुराकडे बोट दाखवण्यातही अर्थ नाही. 2019 आणि 2021 चे पूर बांधकाम सुरू होण्याआधीचे आहेत, त्यामुळे ही जमीन कशी आहे हे आपल्याला माहीत असायलाच हवे होते.

यापुढे पुट्टी व रंगकाम करण्यासाठी माणसे पाठवू नयेत, कारण त्याने मोजमापाच्या खुणा तेवढ्या पुसल्या जातात. त्याऐवजी मागच्या बाजूस चिकणमातीच्या थराच्या तळापर्यंत किमान दोन बोअर घ्यावेत, आयएस 2720 भाग 15 प्रमाणे कन्सॉलिडेशन चाचणी करून घ्यावी, आणि आजवर किती खचले व अजून किती खचणार याचे गणित आपल्याशी संबंध नसलेल्या भूतंत्र अभियंत्याकडून मला लेखी मिळावे. चाचणीत प्रत्येक भार साधारण चोवीस तास ठेवावा लागतो, तरी आठ-दहा दिवसांत ती उरकते. पायाला मायक्रोपाइलचा (खोलवर उतरवलेल्या बारीक खांबांचा) आधार द्यायचा की अन्य उपाय करायचा, हे त्या आकड्यांवरून ठरवावे. आधी उपाय ठरवून मग त्याला जुळणारा अहवाल आणू नये. दरम्यान मागच्या न्हाणीघराचा पाइप चेंबरपाशी सांध्यात निखळून सांडपाणी पायाजवळ मुरत आहे, ते काम मात्र याच आठवड्यात करावे.

रेरा कायदा, 2016 च्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. ही मुदत या पत्राच्या पोचेपासून मोजली जाईल व ती उलटल्यास मी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, भरपाईसह तक्रार दाखल करीन. भेगेची तारीखवार छायाचित्रे, पातळीच्या नोंदी व सॉइल रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
रो-हाऊसधारक