कर विटेवर नाहीत, कटावर आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढीच्या दिवसांत तुम्ही रोज एक अभंग छापलात, फार बरं वाटलं, आमच्याकडे सकाळच्या चहाबरोबर नातू तो मोठ्याने वाचायचा. पण एके दिवशी वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, आजी, विठोबाचे हात विटेवर कसे? पेपर बघितला तर 'सुंदर तें ध्यान उभें' ही एक ओळ, खाली 'विटेवरी कर कटावरी', आणि त्याखाली एकटं 'ठेवोनिया'. मुलाने जसं छापलंय तसंच वाचलं, त्याची काय चूक! कर म्हणजे हात, आणि ते कटावर, म्हणजे कमरेवर आहेत; विटेवर तो उभा आहे.

तुकोबांनी मोजूनमापून बांधलंय हो ते. सुं-द-र-तें-ध्या-न सहा, उ-भें-वि-टे-व-री सहा, क-र-क-टा-व-री सहा आणि ठे-वो-नि-या चार, असे हे चार चरण, म्हणजे ओळीचे चार तुकडे. जोडाक्षर एकच धरायचं, मग बोटांवर बरोब्बर येतं. मोठ्या अभंगाचं मापच हे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक, विटेवरी-कटावरी. तुमच्या छपाईत ते दोन्ही शब्द एकाच ओळीत आले, मग यमक ऐकू कसं येणार? शेवटचा चरण आखूड असतो तिथे आम्ही भजनात आवाज लांबवतो, टाळाला जागा मिळते.

आता प्रत्येक ठिकाणी सहाच भरतात असंही नाही, याच अभंगात 'आवडे निरंतर' मोजा, सात होतात, गाताना ते एक अक्षर पटकन म्हणून सामावून घेतात. म्हणजे मी नियमासाठी अडून बसलेय असं नाही, चरण कुठे संपतो एवढं कळलं पाहिजे. 'जे का रंजले गांजले' हा छोटा अभंग, आठ-आठ अक्षरांचा, तिथे दोन सरळ ओळी केल्या की झालं.

कॉलम अरुंद असतो, जागा नसते, हे मला समजतं. पण सहा अक्षरं कितीही बारीक कॉलममध्ये मावतात, मोबाइलवरही मावतात, मग एका चरणाला एक ओळ द्या ना. नाहीतर गाथेत छापतात तसं 'विटेवरी'नंतर एक दंड, म्हणजे उभी रेघ, आणि 'ठेवोनिया'नंतर दोन दंड द्या. पान लावणाऱ्यांना एवढंच सांगा की ओळ तोडायच्या आधी एकदा मोठ्याने म्हणून बघा. कार्तिकीला परत अभंग छापणार असाल तर तेव्हापासून तरी नक्की करा, नातू वाचणार आहे.

आपली,
भजनी मंडळातली एक वाचक