आजीला जबलपूरला नेताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

आजीला गाडीनं जबलपूरला न्यायचं ठरवलंस, ते ऐकून किती बरं वाटलं हे फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय. ते तिचं माहेर. ती जन्मली तेव्हा नागपूर-जबलपूर एकाच प्रांतात होती, 1956 साली राज्यं वेगळी झाली. पण अजूनही ती "घरी" म्हणाली की कुठलं घर ते विचारावं लागतं.

तू पाठवलेला बेत पाहिला. पावणेतीनशे किलोमीटर, पाच तास, दहाला निघून तीनला जबलपूरजवळचा भेडाघाट. बेटा, हा हिशेब मोबाइलचा झाला, आजीचा नाही. दीड तास बसली की तिचे गुडघे धरतात, उतरून दहा मिनिटं चालल्याशिवाय मोकळे होत नाहीत. सहाला निघा. टाकी इथे नागपुरातच भर, पलीकडे मध्य प्रदेशात पेट्रोल महाग पडतं.

मनसर सोडलं की पेंचचं जंगल. खवाशापर्यंत रस्ता नऊ ठिकाणी उचलून घेतलाय, खालून जनावरांना वाट राहावी म्हणून. कॅमेऱ्यांत वाघसुद्धा तिथून जाताना दिसलेत. पुलावर गाडी थांबवून खाली डोकावायचं मात्र नाही. सिवनीला चहा घ्या. दिवाळीनंतर तिकडे सीताफळं येतात, आजीला हातात घेऊन फळाचे डोळे दाबून बघू दे, तिच्याइतकी पारख आपल्याला नाही. लखनादौनला जागी राहा, चौपदरी सरळ सागरकडे जातो, तुला जबलपूरकडे वळायचंय.

अंधार पडायच्या आत पोहोचायचं, यावर मी अडून का बसतो ते सांगतो. 2009 साली आपण दुपारी निघालो होतो. कुरईच्या घाटात अंधारलं आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नाही. निघताना मी बघितलीच नव्हती. दोन्हीकडे जंगल, फोनला रेंज नाही, तू चार वर्षांची, आजीच्या मांडीवर रडत होतीस. एक ट्रकवाला थांबला. ट्रकच्या हवेच्या टाकीला नळी जोडून त्यानं स्टेपनी भरून दिली, पैसे घेतले नाहीत. आजीनं डब्यातल्या दशम्या त्याच्या हातात ठेवल्या. त्या रात्री नर्मदेच्या घाटावर जायचं राहिलं, सकाळी मला कामासाठी परतायचं होतं. आजीनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते अजून लागतं.

म्हणून पहिली संध्याकाळ ग्वारीघाटला दे, नर्मदेच्या आरतीला. समोरच्या काठावर गुरुद्वाऱ्याचे दिवे दिसतात. तिला द्रोणातला दिवा स्वतःच्या हातानं सोडायचा असेल, तेव्हा पायऱ्यांवर तिचा दंड धर, मनगट नको, मनगटाला हिसका बसतो. भेडाघाट दुसऱ्या दिवशी निवांत करा. धुआंधार धबधब्यापर्यंत बरंच चालावं लागतं, तिला नको वाटलं तर नुसती नाव करा, संगमरवराच्या कड्यांमधून. कान्हाचं जंगल याच फेरीत उरकायचा विचार सोड.

विमा, पीयूसी, फास्टॅगमधले पैसे बघून ठेव. स्टेपनीतली हवा शुक्रवारी मी स्वतः मोजून देतो. आजीनं नर्मदेचं पाणी आणायला तांब्याचा गडू घासून ठेवलाय, तो तिच्या पायाशी ठेव, डिकीत नको.

तुझे,
बाबा