किसुमूहून पत्र : चार वर्षांचा शब्द

किसुमू, केनिया
२८ जानेवारी २०२४

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले की, त्यांच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळींनी जमवलेले पैसे इकडे पाठवायचे झाले तर त्यातून एखाद्या मुलाचे नेमके काय बदलते, आणि मी घाईघाईने दोन वाक्ये बोलून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर ते उत्तर मला फार तोकडे वाटले. ज्यांनी सगळी हयात वर्गात घालवली त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे, म्हणून आज कारखान्याला सुट्टी असताना सविस्तर लिहायला बसलो आहे.

इकडे शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते. वर्षाची तीन सत्रे असतात आणि निवासी शाळेची फी ५०, ३० आणि २० टक्के अशा तीन हप्त्यांत भरायची असते, म्हणजे निम्मी फी जानेवारीतच लागते. नाताळात घरातली शिल्लक संपलेली असते, पगार लांब असतो आणि मक्याची कणगीही खाली गेलेली असते. स्वाहिलीत भुकेला ‘न्जा’ म्हणतात, त्यावरून इथली माणसे या महिन्याला ‘न्जानुअरी’ म्हणतात. शब्द गमतीचा असला तरी ज्या घरात मूल नुकतेच आठवी पास झाले आहे, त्या घरात हा महिना कसा जातो ते मी आता जवळून पाहिले आहे.

तुम्ही म्हणालात की केनियात शिक्षण मोफत आहे असे वाचले होते. ते खरे आहे. २००३ साली प्राथमिक शाळांची फी माफ झाली, तेव्हा इतकी मुले लोटली की पुढच्याच वर्षी एल्डोरेट भागातल्या एका शाळेत किमानी मारुगे नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. २००८ पासून माध्यमिक शाळेतल्या शिकवण्याचा खर्चही सरकार देते, आणि त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २२,२४४ शिलिंग ठरलेले आहेत. परंतु चांगल्या माध्यमिक शाळा बहुतेक निवासी आहेत. तिथे राहण्या-जेवण्याचा भार पालकांवर असतो आणि वरच्या दोन दर्जांच्या शाळांसाठी सरकारने ठरवून दिलेली फी वर्षाला ५३,५५४ शिलिंग आहे, म्हणजे आजच्या दराने आपले अठ्ठावीस हजार रुपये होतील. गणवेश, गादी, पेटी, पुस्तके आणि प्रवास यांचा खर्च याहून निराळा. ज्या कुटुंबाची कमाई इथल्या व्हिक्टोरिया सरोवरातली ओमेना नावाची बारीक मासळी जाळ्यावर वाळवून वाट्यांनी विकण्यावर चालते, त्या कुटुंबाला हा आकडा डोंगराएवढा आहे.

फी थकली की काय होते ते सांगतो. कारखान्याच्या वाटेवर एक माध्यमिक शाळा आहे. मागच्या वर्षी एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मी उसाच्या गाड्यांची रांग पाहून परतत असताना तीस-चाळीस मुले पूर्ण गणवेशात, दप्तरे पाठीला लावून, शाळेकडून घराकडे चालत येताना दिसली. मला वाटले कोणी वारले असावे. आमच्या ड्रायव्हरने सांगितले की प्रार्थनेनंतर थकबाकीदारांची नावे वाचली गेली आणि फी आणल्याशिवाय येऊ नका म्हणून सगळ्यांना फाटकाबाहेर काढले. सरकारने असे करू नये म्हणून आदेश दिलेले आहेत, पण मुख्याध्यापकांनाही स्वयंपाकघरासाठी मका आणि सरपण विकत घ्यावे लागते, त्यामुळे एकट्या त्यांना दोष देऊन भागत नाही. त्या मुलांत एक मुलगा चालता चालता वही उघडून वाचत होता. घरी गेलेले मूल कधी दोन दिवसांनी परत येते, कधी दोन आठवड्यांनी, आणि तोवर वर्ग पुढे निघून गेलेला असतो. असे एका सत्रात तीन वेळा झाले की हुशार मूलही मागे पडते, मग त्याला शाळेची लाज वाटू लागते, आणि एके दिवशी ते जाणेच सोडून देते. ‘शाळा सोडली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यामागे असे तुकड्या-तुकड्यांनी तुटत गेलेले वर्ष असते.

आता ज्या मुलीसाठी मी तुमच्याशी बोललो होतो तिच्याबद्दल. नाव लिहीत नाही, कारण हे पत्र तुमच्या कट्ट्यावर वाचले जाणार हे मला ठाऊक आहे आणि तिची गरिबी चारचौघांत नावानिशी वाचली जावी असे मला वाटत नाही. आई-वडील नाहीत, आजीने वाढवले आहे. या सरोवराकाठच्या भागात एड्सने फार घरे मोडली आणि नातवंडे सांभाळणाऱ्या अशा आज्या गावोगाव आहेत. आठवीनंतरची जी राष्ट्रीय परीक्षा १९८५ पासून चालत आली होती, ती नवा अभ्यासक्रम आल्यामुळे २०२३ मध्ये शेवटची झाली. त्या शेवटच्या तुकडीत हिला ५०० पैकी ३७२ गुण मिळाले आणि चांगल्या निवासी शाळेत तिची निवड झाली. प्रवेशाचे पत्र घेऊन आजी आमच्या वसाहतीत आली ती आनंदाने नव्हे. तिला वाटत होते की हे पत्र आलेच नसते तर बरे झाले असते.

कारखान्यातल्या आम्ही सात जणांनी पहिल्या सत्राचे पैसे उभे केले आणि मी त्या दोघींना घेऊन किबुये बाजारात गेलो. तिथे उघड्यावर पत्रा ठोकून वस्तू बनवणारे कारागीर बसतात. त्यांना ‘जुआ काली’ म्हणजे कडक उन्हातले म्हणतात. शाळेने दिलेली यादी दोन पानांची होती. पत्र्याची पेटी, कुलूप, गादी, घोंगडी, बादली, ताट-वाटी, दोन गणवेश, काळे बूट, शब्दकोश, गणिताची कंपासपेटी, आणि आई, मुलींना दर महिन्याला लागणाऱ्या पॅडचा चार महिन्यांचा साठा. शेवटची ही वस्तू नसल्यामुळे कितीतरी मुली महिन्यातले काही दिवस वर्गात येत नाहीत. सरकारने २०१७ साली ती शाळेतून मोफत देण्याचा कायदाही केला आहे, तरी यादीत ती असतेच. निळी पेटी घेतल्यावर कारागिराने विचारले की झाकणावर नाव काय लिहू. मुलीने शाळेने दिलेला प्रवेश क्रमांक आधी सांगितला आणि मग आपले नाव. पांढरा रंग वाळेपर्यंत ती पेटीपासून हलली नाही. आजीने मात्र कुलूप पाच-सहा वेळा लावून-उघडून पाहिले आणि दोन किल्ल्यांपैकी एक मुलीच्या गळ्यात बांधून दुसरी आपल्या फडक्याच्या गाठीत ठेवली.

बाबा, हे सगळे पाहताना मला तुमच्या साताऱ्याच्या वसतिगृहाच्या आठवणी डोळ्यांसमोर येत होत्या. ‘कमवा आणि शिका’ योजनेत सकाळी शेतावर काम करून तुम्ही शिकलात, आणि मॅट्रिकच्या फॉर्मचे पैसे तुमच्या गावच्या किराणा दुकानदाराने भरले. ते गृहस्थ नंतर तुम्हाला कधी भेटले नाहीत, पण त्यांचा विषय निघाला की तुम्ही आजही खुर्चीत सरळ होऊन बसता. माणसाने आपल्यावर टाकलेला विश्वास किती वर्षे पुरतो हे मी तुमच्याकडे पाहून शिकलो आहे.

अशीच एक हकीकत केनियात पुष्कळांना माहीत आहे. ख्रिस म्बुरू नावाचा, किकुयू जमातीच्या एका खेड्यातला मुलगा होता. स्वीडनमधली हिल्डे बॅक नावाची बालशाळेची शिक्षिका दर सत्राला साधारण पंधरा डॉलर पाठवत असे आणि त्यावर त्याचे माध्यमिक शिक्षण झाले. पुढे तो नैरोबी विद्यापीठात कायदा शिकला, हार्वर्डला गेला आणि संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचे काम करू लागला. २००१ साली त्याने आपल्यासारख्या मुलांसाठी निधी काढला आणि त्याला बाईंचे नाव दिले. त्याला वाटत होते की त्या कोणी श्रीमंत बाई असतील. शोध घेतल्यावर कळले की त्या साध्या शिक्षिका होत्या, जर्मनीत ज्यू म्हणून जन्मलेल्या, लहानपणी शाळेतून काढलेल्या, आणि आई-वडील नाझी छळछावण्यांत गमावलेल्या. २००३ मध्ये त्या केनियात आल्या आणि आपल्या पंधरा डॉलरांचे काय झाले ते त्यांनी स्वतः पाहिले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या निधीवर आज शेकडो मुले शिकून बाहेर पडली आहेत.

एका हकीकतीवरून निष्कर्ष काढू नये असे तुम्हीच मला शिकवलेत, म्हणून जे अभ्यास झाले आहेत तेही सांगतो. केनिया, युगांडा आणि भारतासह सहा देशांत, लहानपणी शैक्षणिक पालकत्व, म्हणजे शिक्षणाचा खर्च उचलणारा कोणी दाता, मिळालेल्या आणि न मिळालेल्या, आता मोठ्या झालेल्या दहा हजारांवर माणसांची पाहणी अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना मदत मिळाली ती मुले सरासरी एक ते दीड वर्ष अधिक शिकली, आणि पुढे त्यांना कचेरीतली किंवा शिक्षकाची नोकरी मिळण्याचे प्रमाणही वाढले. घानात तर २००८ साली माध्यमिक प्रवेश मिळूनही पैशाअभावी अडलेल्या २,०६४ मुलांमधून चिठ्ठ्या टाकून ६८२ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती दिली गेली आणि पुढची अनेक वर्षे दोन्ही गटांकडे लक्ष ठेवले गेले. शिष्यवृत्ती मिळालेल्यांपैकी कितीतरी अधिक मुले माध्यमिक शिक्षण पुरे करू शकली आणि मुलींची बाळंतपणे लांबली. ज्या भागात पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगी आई होणे नवलाचे नाही, तिथे ही शेवटची गोष्ट मला फीच्या पावतीइतकीच मोठी वाटते.

आता जे सांगायला मला जड जाते ते सांगतो. २०१६ साली आमच्या वसाहतीतल्या काही जणांनी मिळून एका मुलाची फी भरायला सुरुवात केली होती, त्यात मीही होतो. दोन वर्षे सुरळीत गेली. मग दोघांची बदली झाली, एक जण भारतात परतला, आणि उरलेल्या आम्ही ‘पुढच्या सत्रात पाहू’ असे म्हणत राहिलो. तिसऱ्या वर्षी मुलगा घरी परत पाठवला गेला, पुन्हा गेला, पुन्हा परत आला. शेवटी त्याने शाळा सोडली. आज तो किसुमू बसस्थानकाबाहेर बोडा बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, चालवतो. मला पाहिले की नमस्कार करतो, भाडे घ्यायला तयार होत नाही, आणि मला त्याच्या मागे बसून जाणे जमत नाही. ज्याला कोणीच मदत केली नव्हती त्याच्यापेक्षा याचे दुःख अधिक आहे असे मला वाटते, कारण आम्ही त्याला स्वतःकडे शिकलेला माणूस म्हणून पाहायला लावले होते.

म्हणून माझी मंडळाला कळकळीची विनंती आहे की, पैसे कमी असले तरी चालतील, पण चौथीपर्यंत, म्हणजे माध्यमिकची चारही वर्षे, पुरतील इतके आधी बाजूला ठेवा आणि मगच हो म्हणा. दोन मुलांना दोन-दोन वर्षे शिकवण्यापेक्षा एकीला चार वर्षे शिकवा. मुलीला वर्षाला किती हजार मिळतात यापेक्षा, प्रार्थनेनंतर नावे वाचली जातील तेव्हा आपले नाव त्यात नसेल याची तिला खात्री असणे, हेच मला या सगळ्याचे मर्म वाटते. त्या खात्रीवर ती रात्री अभ्यास करते. इथल्या एका बँकेच्या प्रतिष्ठानाने २०१० पासून चालवलेल्या मोठ्या शिष्यवृत्तीतही फीबरोबर गणवेश, हातखर्च, प्रवासभाडे आणि सुट्टीत मार्गदर्शन हे सगळे चारही वर्षांसाठी धरलेले असते, कारण अनुभवाने त्यांनाही हेच कळले असावे.

पैशांच्या व्यवहाराबद्दल निश्चिंत राहा. रक्कम थेट शाळेच्या बँक खात्यात जाते, पावतीची प्रत मी पाठवीन, आणि प्रत्येक सत्राअखेर गुणपत्रिकाही. हातखर्चाचे थोडे पैसे आजीच्या फोनवर एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या इथल्या सेवेने, जातात. कट्ट्यावर कोणीतरी नक्की म्हणेल की आपल्या ऊसतोड मजुरांची मुले राहिली बाजूला आणि हे आफ्रिकेचे कशाला. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. साखरशाळेसाठी तुम्ही जे देता ते एक रुपयानेही कमी करू नका. पण हे कारखानेही उसावरच चालतात आणि इथल्या तोडणीच्या शेतांतही मी तशीच मुले पाहतो, तेव्हा कोणाला आधी आणि कोणाला नंतर असा हिशेब मला मांडता येत नाही. आणि एक, याला ‘विद्यार्थी दत्तक’ म्हणू नका. तिला तिची आजी आहे. ‘शैक्षणिक पालकत्व’ म्हटले तरी पुरे.

परवा त्या मुलीला शाळेत पोचवून आलो. फाटकाशी वॉर्डनबाईंनी पेटी उघडून यादीप्रमाणे एकेक वस्तू तपासली, बरोबर खूण केली आणि पेटी आत नेली. आजी बराच वेळ तिथेच उभी होती. परतीच्या वाटेवर तिने फडक्याची गाठ सोडून ती किल्ली दाखवली आणि ड्रायव्हरमार्फत मला विचारले की पुढच्या सत्राची फी भरायला एप्रिलअखेरीस मीच येणार का, की दुसरे कोणी. मी येईन असे सांगितले आहे. तुमचा होकार फेब्रुवारीच्या आत कळवावा, म्हणजे मला त्याप्रमाणे तजवीज करता येईल.

दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक मुलगा