कॅमेरा आईच्या हातात देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

बोरा बाजारातल्या तुमच्या त्या चिंचोळ्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा चालू असते, तेव्हा आम्ही मायलेकी लक्षात असू की नाही, कोण जाणे. चिपळूणच्या निवृत्त शिक्षिका, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, परसातल्या पक्ष्यांचे फोटो काढायचेत म्हणणाऱ्या, असं सांगितलं तर आठवेल कदाचित. दुकानात आभार मानायला गेले तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून पुढच्या माणसाकडे वळलात. म्हणून आता चार लोकांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही कुठे कुठे जाऊन आलो, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. एका चकचकीत शोरूममधल्या मुलाने आईकडे न बघताच मला विचारलं, "आंटींना कशाला कॅमेरा? चांगला मोबाइल घेऊन द्या ना." दुसऱ्या ठिकाणी मोठा डीएसएलआर, दोन लेन्स, बॅग आणि ट्रायपॉड असा सगळा संसार काउंटरवर मांडला गेला. आईच्या बोटांचे सांधे सुजलेले समोर दिसत होते, तरी एवढं ओझं ती उचलणार कशी, हे कुणाच्या मनात आलं नाही. तिसऱ्याने नुसता मेगापिक्सेलचा जप लावला. आणि तिन्ही ठिकाणी कॅमेरा दिला तो माझ्या हातात, बोलणं माझ्याशी आणि किंमतही मलाच सांगितली. चाळीत, शाळेत, पंचायतीत आयुष्यभर जिचा शब्द ऐकला गेला, ती बाई आपल्याच पैशांच्या खरेदीत बाजूला उभी होती. घरी येताना लोकलमध्ये ती म्हणाली, "राहू दे गं, माझ्या वयाला नाहीच ते." त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

तुम्ही पहिला प्रश्न तिला विचारलात. "कशाचे फोटो काढणार?" ती शिक्षिका होती हे कळल्यापासून तुम्ही तिला 'बाई' म्हणायला लागलात, आणि मग तिची कळी खुलली. उंबरावर येणारे तांबट आणि हळद्या, पऱ्ह्याकाठचा खंड्या, जास्वंदीवरचे शिंजीर आणि फणसावर कधीमधी येऊन बसणारा धनेश, सगळं तिने सांगितलं. तुम्ही मध्येच विचारत होतात. झाड घरापासून किती लांब? सकाळी बघता की दुपारी? ऊन समोरून येतं का? त्या प्रश्नांतूनच कॅमेरा ठरत होता, हे मला नंतर कळलं.

कपाटात एक इंची सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या आतल्या चकतीचा, नवाकोरा, महागडा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा होता. तो विकला असता तर तुम्हाला चार पैसे जास्त सुटले असते. तुम्ही तो दाखवलात, चांगला आहे म्हणून सांगितलंत आणि लगेच म्हणालात, "पण बाईंच्या कामाचा नाही." त्याची लेन्स 200 मिलिमीटरपर्यंतच जाते, उंबराच्या शेंड्यावरचा तांबट त्यात ठिपक्याएवढा येईल. शेजारच्या जुन्या, वापरलेल्या कॅमेऱ्याची लेन्स 24 ते 720, म्हणजे पक्षी त्याहून साडेतीन पट मोठा दिसणार. वजनही पाव किलोच्या आसपास. मात्र त्याचा सेन्सर लहान, क्षेत्रफळ त्या एक इंचीच्या जेमतेम चौथा भाग, शिवाय लेन्स पूर्ण लांबवली की तिच्यातून उजेडही कमी येतो. ती उणी बाजू तुम्ही झाकून ठेवली नाहीत. "भर सकाळी छान येतील. तिन्हीसांजेला धनेश आला तर नुसता डोळे भरून बघा बाई, फोटोची आशा धरू नका, दाणेदार येईल." विकायच्या वस्तूचं वैगुण्य इतक्या आपुलकीने सांगणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

डिजिटल झूमचंही तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत. खोक्यावर आकडा कितीही मोठा असो, लेन्स जेवढं जवळ आणते तेवढंच खरं. पुढचं सगळं म्हणजे आहे तोच फोटो कापून मोठा करणं. इतक्या दुकानांत फिरून हे एवढं साधं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ती.

त्या जुन्या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायचा बारीकसा व्ह्यूफाइंडर होता. कोकणातल्या दुपारच्या उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही, तेव्हा बाईंना हा हवाच, असं तुमचं म्हणणं. आईने डोळा लावला आणि तिचा चेहरा उतरला. चष्म्याची काच आड येत होती, कडा दिसत नव्हत्या, मधलंही पुसट. ती कॅमेरा माझ्याकडे द्यायला लागली. तेवढ्यात तुम्ही काउंटरची फळी उचलून बाहेर आलात, तिच्या शेजारी उभे राहिलात आणि म्हणालात, "बाई, चष्मा काढा. तुमचा नंबर आपण यातच लावू."

तो चष्मा तुम्ही स्वतःच्या हातात धरलात. व्ह्यूफाइंडरच्या कडेला नखाएवढी खिट्टी होती, ती तिच्या बोटांना सरकत नव्हती. तुम्ही ती तिच्यासाठी केसभर केसभर सरकवत राहिलात. आता? नाही. आता? थोडं बरं. आता? मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, फोन वाजत होता. तुम्ही तिकडे बघितलंही नाहीत. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत कपडे वाळत होते आणि कठड्यावर कावळा बसला होता. आई एकदम म्हणाली, "अगं, त्याच्या चोचीत काडी आहे!" डॉक्टरांनी डोळ्यांवरची पट्टी काढली तेव्हाही ती एवढी खूश झाली नव्हती.

तुमच्यासाठी ते दोन-चार मिनिटांचं काम असेल. पण 'माझ्या वयाला नाहीच ते' हे तिच्या मनात बसलेलं वाक्य त्या मिनिटांत गेलं, आणि ते तुम्ही समजूत घालून नाही, खिट्टी सरकवून घालवलंत.

त्यानंतरही तुम्ही पैशांचं नाव काढलं नाहीत. आधी तिच्याकडून बॅटरीचं झाकण उघडून घेतलंत, कार्ड बाहेर काढून परत बसवायला लावलंत. हे तिला जमलं नसतं तर तुम्ही दुसरा कॅमेरा दाखवणार होतात, असं मागाहून म्हणालात. कोपर छातीशी टेकवा, बटण अर्धं दाबून क्षणभर थांबा, मग पूर्ण दाबा, एवढाच धडा दिलात. बाकी सगळं ऑटोवर राहू दे म्हणालात. लेन्सच्या कड्यावरचा ओरखडा आपणहून दाखवलात. आणि चिपळूणचा पाऊस तुम्हाला ठाऊक असल्यासारखं बजावलंत, की जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते. आणि समुद्रावर नेलात तर वाळूपासून जपा, आतबाहेर होणाऱ्या लेन्समध्ये एक कण गेला तरी ती अडकते. पुड्यांचे पैसे घेतले नाहीत.

जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे मी मध्यंतरी वाचले. 2010 साली जगभर 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते आणि त्यात बहुतेक छोटे कॉम्पॅक्टच. 2023 साली सगळे मिळून 80 लाखही नाहीत. मोबाइलने हा धंदा कसा खाल्ला ते तुम्ही गल्ल्यावर बसून पाहिलं असेल. अशा दिवसांत दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यात सगळ्यात महाग वस्तू मारावी, असं कुणालाही वाटलं असतं. तुम्हाला वाटलं नाही. अशी माणसं अजून आहेत. कापडाच्या दुकानात आहेत, औषधांच्या आहेत, एसटीच्या खिडकीमागेही आहेत. समोरच्याला नेमकं काय हवंय ते आधी ऐकून घेणारी. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, कारण तक्रार करायला जेवढा जोर येतो तेवढा कौतुकाला येत नाही. मला आज आला आहे.

आईची खबर द्यायची राहिली. तांबट तिला मिळाला, छातीवरच्या लाल पट्ट्यासकट. खंड्या मात्र अजून हुलकावणी देतो, बटण अर्धं दाबेपर्यंत उडून जातो. धनेश एकदा संध्याकाळी आला होता. तुमचं ऐकून तिने कॅमेऱ्याला हातही लावला नाही. आजूबाजूची मुलं पक्ष्यांची नावं विचारायला येतात आणि ती त्यांना पडद्यावर फोटो मोठा करून दाखवते, शाळेत दाखवायची तशीच.

पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी ती मुंबईला येते आहे. तिला दुसरी बॅटरी घ्यायची आहे, कारण एक सकाळी साडेनऊलाच संपते म्हणे. मी आणून देते म्हटलं तर नको म्हणाली, तुमच्याशी तिला स्वतः बोलायचंय. येताना घरचं आगळ आणि आमसुलं घेऊन येणार आहे, नाही म्हणू नका. आणि खंड्यासाठी काही युक्ती असेल तर तेवढी आठवून ठेवा.

आपली,
चिपळूणच्या बाईंची लेक