मोर्चाआधी आवक क्रमांक

पुणे, रविवार रात्र

प्रिय दिन्या,

आपल्या कर्मचारी संघटनेच्या शाखेचा सचिव झालास, अभिनंदन! पत्रभर मोर्चाचंच लिहिलं आहेस. काढ, मी आडवा येत नाही. मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आपण दोघंही आठवडाभर बाहेर होतोच. 1977 चा 54 दिवसांचा संप तर तुझे बाबा काल झाल्यासारखा सांगतात. पण संप रोज होत नसतो. सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सांगून टाकलंय. वर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधला संप रोखणारा राज्याचा कायदा, आहेच. एरवी संघटनेची खरी परीक्षा होते ती एकेकट्या माणसाच्या अर्जावर.

इथल्याच एका कार्यालयातली गोष्ट. शिपाई मामा निवृत्तीच्या तोंडावर होते. पडताळणीत निघालं की फार पूर्वी त्यांची वेतननिश्चिती चुकली, एक वेतनवाढ जादा गेली. आता ग्रॅच्युइटीतून वसुली! आमचे पुढारी साहेबांच्या केबिनमध्ये गेले, चहा प्यायले, 'बघतो म्हणालेत' असं सांगत बाहेर आले. (हे वाक्य तुझ्या तोंडी आलं तर मैत्री तुटेल.) शेवटी लेखा शाखेतून निवृत्त झालेल्या एक बाई बसल्या आणि त्यांनी दीड पानी निवेदन लिहिलं. आधार सर्वोच्च न्यायालयाच्या रफिक मसीह प्रकरणातल्या निकालाचा, डिसेंबर 2014: चूक कार्यालयाची असेल तर गट-क, गट-ड कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून वसुली नाही, पाच वर्षांहून अधिक काळ दिलं गेलेलं जादा वेतनही परत मागता येत नाही. वसुली थांबली.

पण लिहायच्या आधी बाईंनी सेवापुस्तक मागवून हमीपत्र शोधलं होतं. 'जादा दिलं गेल्यास परत करीन' असं लिहिलेला तो कागद, आपण सगळे न वाचताच सही करतो तो. 2016 च्या जगदेव सिंग निकालात न्यायालयाने त्यावरच बोट ठेवून वसुली मान्य केली. तिथे समोर न्यायिक अधिकारी होते, शिपाई नव्हे, हा मुद्दा मांडता येतो. पण असा कागद आहे हे आपल्याला ठाऊकच नसलं तर तोंडावर आपटायची वेळ येते. मामांच्या त्या वेतननिश्चितीला हमीपत्र नव्हतं.

दुसरं, तारखा सांभाळ. निवेदन देऊन सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या वर्षभरात मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायला हवं. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं धाडून ती मुदत वाढत नाही. किती चांगली प्रकरणं अशीच मेली! म्हणून आवक क्रमांक, म्हणजे अर्ज मिळाल्याचा कार्यालयाचा नोंद क्रमांक, घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. मॅटचं खंडपीठ पुण्यात नाही, आपल्याला मुंबईच गाठावी लागते. सकाळची डेक्कन क्वीन आणि वकिलाची फी शिपायाला कुठून परवडणार? वर्गणी तिथे खर्च कर, फ्लेक्सवर नको.

आणि 2005 चा बदल्यांचा कायदा. सगळे तो स्वतःच्या बदलीपुरता पाठ करतात, पुढारी तर आधी. त्यातलंच कलम 10 वाच: कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त फाइल एका टेबलावर राहता कामा नये. साहेबांना हे तोंडी सांगू नकोस, पत्रात घाल.

शाखेतल्या पडून राहिलेल्या तक्रारींची यादी, प्रत्येकीपुढे तारीख लिहून, घेऊन ये. बाईंशी गाठ घालून देतो. त्यांना कंदी पेढे आवडतात, साताऱ्याहून येताना विसरू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या